दोन पुनव, एक अष्टमी

पंचवटी कारंजाच्या मागे तिसऱ्या बोळात
आमच्या भटारखान्याचं दार.
पहिल्या दिवशी चुलीपाशी बसले न बसले
तोच मुश्ताकनं खिडकीतून डोकं आत घातलं,
"दोन पुनव, एक अष्टमी, काळ्यावर!"
मी परात सोडून
बाहेर आभाळ बघायला गेले.

लहानू गावित हसला नाही.
कढई खरवडत म्हणाला,
पुनव म्हणजे अख्खी भाकरी. अष्टमी अर्धी.
काळं म्हणजे काळ्या मसाल्याचं मटण.
आणि पीठच संपलं तर?
"ते तुझं तुला कळेल."

कळलं बुधवारी.
घाटावरचा बाजार उठला आणि सगळे आमच्याकडे,
पाटे-वरवंटेवाले, कोंबड्यावाले,
दिवसभर मिरच्या मापून
हात भगभगणाऱ्या बाया.
मुश्ताक ओरडला, "दुतोंड्या, कमरेला!"
मग "छातीला!"
मग नुसतंच, "डोक्यावरून!"
चैत्र होता. खरा मारुती कोरडा ठणठणीत उभा,
नदीत पोरं क्रिकेट खेळायची बाकी होती,
पूर काय तो आमच्या खिडकीत.
डबा उपडा केला, मूठभरही पडलं नाही,
आणि माझ्याच तोंडून निघालं,
"अमावस्या."
तेव्हा कुठे लहानूनं माझ्याकडे बघून मान हलवली.

पुढं आपोआप येत गेलं.
ताट चाटून झालं तरी बिल मागत नाही
ते गिऱ्हाईक म्हणजे सिंहस्थ,
आता बारा वर्षं हलायचा नाही.
शेठ म्हणजे शनी,
मेहुण्याला घेऊन आला तर साडेसाती.

"लागलं" मात्र मला अजून पुरतं आलेलं नाही.
लागलं म्हणजे रस्सा बुडाला धरला.
लागलं म्हणजे कांदा सोडून बोट चिरलं.
चारला लागलं म्हणजे ताट टेबलावर पोचलं,
आता मागचं सोड.
आणि माझ्या थोरलीच्या बाळंतपणानंतर
लहानूनं चुलीकडे तोंड करून विचारलं होतं,
"दवाखान्यात किती लागले?"
मी आकडा सांगितला.
शनिवारी पगाराच्या पाकिटात तेवढे जास्त निघाले,
त्याच्या पाकिटात तेवढे कमी असणार.
त्या लागण्याला काय म्हणतात,
ते दोघांपैकी कोणी बोललं नाही.

उकळतं पातेलं घेऊन पाठीमागून जाताना
"मागे!" म्हणायचं.
हे मी रविवार कारंजावर बसमध्ये चढताना म्हटलंय,
बँकेत म्हटलंय,
मुलाच्या लग्नात चहाचा ट्रे घेऊन
व्याह्यांच्या पाठीशी म्हटलंय.
सगळे वळून बघतात.
भटारखान्यात कोणी वळत नाही,
नुसतं अंग चोरतं.
वळला तो भाजला.

आता खिडकीत यंत्र बसवलंय.
करकरत कागद ओकतं:
भाकरी हाफ एक.
चुकलं तर त्याला शिवी देता येत नाही.
मुश्ताक द्वारकेला रिक्षा लावतो.
लहानू सुरगाण्याला परत गेला,
फोनवर सांगत होता, नाचणी बरी आहे,
आणि बोलताना मध्येच, "थांब, शनी आला,"
म्हणजे आता त्याची बायको.

पोरं नवी आहेत.
पेठचा एक, दोघे नेपाळचे, एक बिहारचा.
मी "अष्टमी झाली" म्हणते,
ती कागद उलटून बघतात.
विचारलं तर सांगत नाही.
ते तुमचं तुम्हाला कळेल.

परवा मागच्या दारानं आत शिरले
तर पेठचा पोरगा हळूच म्हणाला, "टॉवर."
चौघांचे फोन खिशात गेले.
बिहारी कोथिंबिरीला भिडला,
नेपाळी पोरांनी एकमेकांकडे बघितलंच नाही.
टॉवर म्हणजे मी,
की माझं येणं, की माझी उंची,
की पोचते तिथपर्यंतची माझी जीभ,
विचारलं नाही.
परात ओढली, पीठ मोकळं केलं.

तेवढ्यात पाठीमागून ऊन ऊन वाफ आली
आणि कोणीतरी म्हणालं, "मागे."

मी वळले नाही.